सुनेचा पडदा आणि माझी चिठ्ठी

मी हेवेखोर बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईंनी शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. लहानपणी बहिणीच्या लांब वेणीचा हेवा केला, नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या वेगाचा केला, लग्नानंतर थोरल्या दिरांचा केला. पण सगळ्यांत जास्त जळले ती माझ्या सुनेवर. कारण काय, तर घरातल्या टीव्हीच्या पडद्यावर ती अक्षरं उमटवायची आणि माझा नवरा ती वाचून हसायचा.

मी तालुक्याच्या कोर्टात लघुलेखिका होते. तीस वर्षं पेन्सिल आणि वही, दुसरं काही नाही. हे रेल्वेच्या एका कार्यालयात, तेही लघुलेखकच. आमची ओळख लोणावळ्यात टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासमध्ये झाली. क्लास एका चिक्कीच्या दुकानावर होता, खालून गुळाच्या पाकाचा वास यायचा आणि वर आम्ही पंचवीस जण रेघोट्या मारत बसायचो. माझा वेग ह्यांच्यापेक्षा जास्त होता आणि ह्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. ह्यांनी मला पहिलं पत्र लिहिलं ते शॉर्टहँडमध्ये. इतकं गचाळ लिहिलं होतं की मी लाल पेन्सिलीनं सहा चुका काढून ते परत दिलं. ह्यांनी त्या सहा चुका प्रत्येकी दहा वेळा लिहून आणल्या. मग मी काय करणार? हो म्हटलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ह्यांचे कान गेले. एकदम नाही, पण वर्षभरात जवळजवळ पूर्ण. कानातली यंत्रं आणली, दोन-तीन बदलून पाहिली. हे म्हणायचे, ‘अगं, भांडी पडल्याचा आवाज येतो, शब्द येत नाहीत.’ शेवटी ती यंत्रं कपाटात गेली आणि माझ्या गाऊनच्या खिशात एक छोटं पॅड आलं. कुणी काही बोललं की मी शॉर्टहँडमध्ये चिठ्ठी लिहायची आणि ह्यांच्या पुढे करायची. माझी पेन्सिल थांबते न थांबते तोच ह्यांचं वाचून झालेलं असायचं. ती लिपी घरात दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हती, मुलालासुद्धा नाही. पाहुण्यांच्या समोर मी बिनधास्त लिहायची, ‘ह्या बाई आता उठतील तर बरं.’ आणि हे गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे.

खरं सांगू? ह्यांचे कान गेल्याचं मला दुःख झालं, पण फार नाही झालं. लग्न होऊन इतकी वर्षं हा माणूस मित्रांचा होता, भावाचा होता, प्लॅटफॉर्मवर भेटेल त्याचा होता. आता तो जगाशी बोलायचा तर माझ्या पेन्सिलीतून. मला ते आवडलं होतं. आवडलं होतं म्हणजे काय, मी त्यावर मोहरून गेले होते.

इथे कोर्टातली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर माझी चूक कळायची नाही. आमच्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून अर्धा तास बोलतो. म्हैस कुठे बांधली होती, कोण कुणाच्या आधी ओरडलं, चहा कुणी केला, सगळं. साहेब, म्हणजे न्यायाधीश, ते ऐकून घेतात आणि त्यातलं कामाचं तेवढं दोन ओळींत सांगतात. लघुलेखिका ते साहेबांचं लिहिते, साक्षीदाराचं नाही. साक्षीदार म्हणतो, ‘लय मारलं वो साहेब, हाडं खिळखिळी केली,’ आणि कागदावर येतं, ‘आरोपीने मला मारहाण केली.’ शेवटी ते साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो ‘बरोबर आहे’ म्हणतो आणि सही करतो. मधेच साहेबांनी हात वर केला की आम्ही पेन्सिल उचलायची. हात वर म्हणजे हे नोंदीत नको.

घरी मी साहेबही झाले आणि लघुलेखिकाही झाले. कोण काय बोललं त्यातलं कामाचं कोणतं, हे मीच ठरवायची. शेजारीण पाऊण तास बोलून गेली की चिठ्ठीत एक ओळ: ‘पाणी उद्या येणार नाही.’ हात वर करणारीही मीच. आणि चिठ्ठी कुणी कुणाला वाचून दाखवत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून आंबी गावची. तिच्या माहेरची शेती आहे आणि शेताच्या बांधाला लागून कारखाना. मुलगी शिकलेली, कंपनीचं काम घरूनच करते. लोणावळ्यात वलवणला आमच्या घराच्या मागच्या खोलीत तिनं टेबल मांडलं. दिसायला साधी, बोलायला कमी, कामाला वाघीण. दोष काढावा तर सापडत नव्हता, आणि तोच मला मोठा दोष वाटायचा.

आल्यावर सहा महिन्यांनी तिनं एक विचित्र कीबोर्ड मागवला. त्याला कळा अगदी थोड्या, वर अक्षरंही नाहीत. पेटीवर सूर धरावेत तशा तीन-चार कळा एकदम दाबायच्या, की एक अख्खा शब्द उमटतो. परदेशात कोर्टात असंच लिहितात म्हणे. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात शब्दकोश इंग्रजीचा. ही बाई मराठीचा शब्दकोश स्वतः करायला बसली. रोज काम संपलं की तास-दीड तास. मी मुलाला म्हटलं, ‘तुझ्या बायकोला स्वयंपाक शिकायला वेळ नाही, हे शिकायला आहे.’ तो म्हणाला, ‘आई, स्वयंपाक मी करतोय ना.’

एक दिवस ती माझ्याकडे वही घेऊन आली. ‘आई, तुमच्या शॉर्टहँडमध्ये नेहमीच्या शब्दांना छोटी रूपं असतील ना? ती मला सांगा. कुठले शब्द एकत्र जोडता तेही.’

मी म्हटलं, ‘अगं, आता कुठलं आठवतंय!’

आठवत होतं. झोपेतून उठवलं असतं तरी चारशे सांगितली असती. पण तीस वर्षांची कमाई ताटात वाढून द्यायला मी काय अन्नछत्र उघडलं होतं? ती ‘बरं’ म्हणाली आणि परत गेली. तिनं तिची तिची रूपं बनवली.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिनं बैठकीतल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि ह्यांना समोर बसवलं. म्हणाली, ‘बाबा, आता सगळ्यांनी नेहमीसारखं बोलायचं. तुम्ही पडद्यावर बघायचं.’ मुलगा काहीतरी बोलला, पडद्यावर ते उमटलं. दारावर भाजीवाली मावशी आली, शेजारणीशी कोथिंबिरीवरून तिचं वाजलं, ते सगळं जसंच्या तसं उमटलं. ‘घ्याची तर घ्या, न्हाईतर जुडी कुस्करू नगा.’ हे इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. आणि मग म्हणाले, ‘इतकं सगळं बोलतात होय लोक?’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा वर्षं मी जे लिहून देत होते त्यात हा माणूस एकदाही इतका हसला नव्हता. हसणार कशाला? मी भाजीवालीचं भांडण कधी लिहिलंच नव्हतं. मी लिहायची, ‘कोथिंबीर महाग आहे.’

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षभर थांबलं नाही. हे सकाळी उठले की पहिल्यांदा पडद्याकडे बघायचे. मी खिशातून पॅड काढलं की हे हसून हात करायचे, ‘थांब, तिला येऊ दे.’ तिला येऊ दे! लाल पेन्सिलीनं ज्याच्या चुका काढल्या तो माणूस मला सांगतो, तिला येऊ दे. मी चहात साखर कमी घालायला लागले. मुद्दाम. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

आणि त्यात सुनेनं मला नोकरीवर ठेवलं. त्याचं असं झालं की लिहिताना तिचे दोन्ही हात कळांवर असतात, माउसला हात लावावा तर वाक्य बुडतं. पण मधेच ते थांबवावं लागतं, चालू करावं लागतं, नवीन शब्द कोशात घालावा लागतो. मुलाचा जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर तिनं एक काळी खिडकी उघडून दिली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती लुकलुकणारी रेघ. तिथे हुकूम टाइप करून एंटर दाबला की पलीकडे तिच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ऐकतं. ‘सस्पेंड’ दिलं की लिहिणं थांबतं, ‘रिझ्यूम’ दिलं की पुन्हा सुरू. शब्द शोधायचा तर एक हुकूम, नवीन शब्द घालायचा तर एक. वरचा बाण दाबला की आधी दिलेले हुकूम एकेक परत येतात, पुन्हा टाइप करायला नको.

‘आई, तुमचं टायपिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे,’ ती म्हणाली. ‘सूत्रं तुमच्या हातात.’

सूत्रं कसली! तीस वर्षं पंधरा साहेबांची डिक्टेशनं घेतलेली बाई आता दिव्याचं बटण झाली होती. सरकारी नोकरीत सस्पेंड म्हटलं की आम्ही देव आठवायचो, आणि इथे मी ते दिवसातून दहा वेळा स्वतःच्या बोटांनी टाइप करत होते. पण शिकले. हट्टानं शिकले. सगळे हुकूम वहीत उतरवून घेतले, आणि तेही शॉर्टहँडमध्ये, म्हणजे तिला वाचता येऊ नयेत. तिनंच शिकवलेले हुकूम तिच्यापासून लपवून ठेवले, आता बोला.

घरात एक नियम मीच घालून दिला, कोर्टातला. कुणाला आपलं बोलणं पडद्यावर नको असेल तर त्यानं हात वर करायचा, मी सस्पेंड देणार. हात खाली आला की रिझ्यूम. सगळ्यांना तो आवडला. शेजारीण तर बोलायच्या आधीच हात वर करून बसायची.

आता थोरल्या दिरांचं. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. ते भाजे गावात राहतात, भात लावतात. ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. लहानपणी पावसात ओढ्याला पाणी आलं की ह्यांना खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारे, स्वतः चौथीत शाळा सोडून ह्यांना शिकवणारे. ह्यांच्या बोलण्यात दर दहा वाक्यांनी आबा. लग्नानंतर पहिल्या वर्षातच मला कळून चुकलं की ह्या घरात माझा नंबर दुसरा आहे.

मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला घरातल्या बाईनं अक्षता घेऊन भाज्याला जायला हवं होतं. भावकीतलं पहिलं बोलावणं, तेही थोरल्या घराला. मी गेले नाही. कामं होती हे खरं, पण ती काय, सगळ्यांनाच असतात. मी फोन केला आणि पत्रिका मोबाइलवर पाठवली. आबांना तो अपमान वाटला. ते हळदीला आले नाहीत, लग्नालाही आले नाहीत. ह्यांनी मांडवात तीन वेळा दाराकडे पाहिलं आणि नंतर भावाचं नाव घेणं बंद केलं.

लग्नानंतर आबांचा फोन आला. ह्यांना फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा फोन मीच घेणार. आबा म्हणाले, ‘बाई, त्याला सांग, माजं चुकलं. म्या रागाच्या भरात बसून ऱ्हायलो. त्याला म्हनावं एकडाव ये, न्हाईतर म्या येतो.’ हे समोरच बसले होते. भुवया उंचावून ‘कोण?’ विचारत होते. मी पॅड घेतलं आणि लिहिलं, ‘आबांचा फोन. तब्येत विचारली.’

ह्यांनी चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली. म्हणाले, ‘बास? एवढंच?’ मी मान हलवली.

त्यानंतर दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, ‘लग्नाला येता आलं नाही, आणि तब्येत विचारतो.’ आबांना मी सांगितलं, ‘सांगितलंय त्यांना, पण ते काही बोलत नाहीत.’ मग फोन बंद झाले. दोन भावांच्या मध्ये तीन चिठ्ठ्या होत्या आणि त्या तिन्ही माझ्या अक्षरातल्या. मला अपराधी वाटत होतं का? वाटत होतं, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं.

तर, ह्या वर्षी दसरा झाला, भातं कापून झाली, आणि एका रविवारी सकाळी सून म्हणाली, ‘आई, आज आबा येणार आहेत जेवायला. मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, बाबांना आता सगळं कळतं, तुम्ही या.’

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी म्हटलं, ‘मला विचारायचंस तरी.’

‘तुम्हाला आनंद होईल असं वाटलं,’ ती म्हणाली. ते ती खरंच म्हणाली की टोमणा मारला हे मला अजून कळलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

आबा मळवलीहून लोकल गाडीनं आले आणि लोणावळा स्टेशनवरून चालत. शनिवार-रविवारची धरणाकडे जाणारी गर्दी, हॉर्न, त्यातून हा म्हातारा खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन दारात उभा. सुनेनं त्यांच्या पाया पडून पिशवी घेतली. हे खुर्चीत ताठ बसलेले, पडद्याकडे तोंड करून. भावाकडे बघायचं टाळत होते. आबा समोर टेकले. सून तिच्या कीबोर्डवर, मी कोपऱ्यात माझ्या काळ्या खिडकीपाशी.

आबांनी भावाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, ‘लय वाळलास रं.’

पडद्यावर उमटलं: लय वाळलास रं.

ह्यांचे डोळे भरून आले. माझ्या तेव्हाच ध्यानात आलं की सहा वर्षांत मी ह्यांना एकदाही ‘लय’ लिहून दिलं नव्हतं. मी ‘खूप’ लिहायची. मी तर ‘रं’ सुद्धा लिहिलं नसतं. मी लिहिलं असतं, ‘तुम्ही बारीक झालात म्हणतात.’ आणि ही आंबीची पोर, तिच्या कोशात ‘लय’ही होतं आणि ‘न्हाई’ही होतं, कारण ती त्यातच वाढली होती. भावाचा आवाज ह्यांना ऐकू आला तो तिच्या बोटांतून. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग पाऊस, भात, गुडघे असं झालं. मधे आबांनी पोटाच्या तक्रारीचं काहीतरी सांगायला हात वर केला, सुनेनं त्यांना नियम समजावला होता. मी सस्पेंड दिलं, मग रिझ्यूम दिलं. सगळे हसले. हेही हसले, भावाकडे बघून. गाडी रुळावर येत होती.

आणि आबा म्हणाले, ‘म्या तीनदा फोन केलता तुला.’

पडद्यावर उमटलं. ह्यांनी वाचलं आणि मान हलवली. तीन फोन ह्यांना माहीत होते.

आबा पुढे बोलले, ‘हिनंच उचलला. म्या हिला म्हनलं...’

माझं बोट वरच्या बाणावर गेलं. एकदा दाबला, रिझ्यूम आलं. दुसऱ्यांदा दाबला, सस्पेंड आलं. एंटर.

मी विचार करून केलं असं म्हणवत नाही. पण चुकून केलं असंही म्हणवत नाही. सुनेचे हात चालूच होते, आणि सॉफ्टवेअर थांबलं की तिचा कीबोर्ड साधा कीबोर्ड होतो. तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा सांडला. हे डोळे बारीक करून त्यात अर्थ शोधायला लागले. आबा इकडे बोलतच होते, अगदी मनापासून, हळदीच्या दिवशी नवं धोतर नेसून वेशीपर्यंत कसे आले आणि तिथून कसे परत फिरले ते. ‘पाय उचलंना रं. मागनं हिला तीन डाव सांगितलं, त्याला म्हनावं माजं चुकलं. तू काय बोलला न्हाईस. मंग म्या बी गप बसलो.’

सुनेनं हात थांबवले. माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, ‘आई, हात कुणी वर केला नव्हता.’

बस्स, एवढंच. तिच्या लॅपटॉपवरून तिला ते चालू करता आलं असतं, मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तिनं केलं नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

आबांनी विचारलं, ‘काय झालं? बंद पडलं व्हय?’

आणि हे माझ्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून. भाऊ रडतोय हे दिसत होतं, पडदा कामाचा नव्हता, तेव्हा हात पुढे करून म्हणाले, ‘अगं, चिठ्ठी दे. काय म्हणतोय तो?’

वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी मी जळत होते ती माझ्यासमोर होती. पसरलेला हात. मी खिशातून पॅड काढलं. पेन्सिल आपोआप चालली: ‘आबा म्हणतात की’. पुढे काहीही लिहिता आलं असतं. ‘यायला जमलं नाही याचं वाईट वाटतं.’ किंवा ‘झालं गेलं विसरू.’ दोन भाऊ तेवढ्यावरही गळ्यात पडले असते आणि मी जन्मभर सुटले असते. पण पुढच्या वेळी? पडदा रोज चालणार होता आणि आबा आता येत राहणार होते. मी किती वेळा सस्पेंड देणार होते?

तो कागद फाडला. नवा घेतला आणि आबा जे बोलले ते पहिल्यापासून लिहिलं, ‘लय’सकट आणि ‘न्हाई’सकट. धोतर, वेस, पाय उचलंना, सगळं. ‘लय’ला आमच्या लिपीत ठरलेलं रूप नाही, ते मी तिथल्या तिथे बनवलं. खाली तीन फोन लिहिले, आबा दर वेळी काय म्हणाले ते. आणि त्याखाली: ‘मी तुम्हाला लिहून दिलं, तब्येत विचारली. तिन्ही वेळा. आबांना सांगितलं, तुम्ही बोलत नाही.’ चार पानं झाली. इतकी मोठी चिठ्ठी मी घरात कधी लिहिली नव्हती.

हे नेहमी माझ्या पेन्सिलीबरोबर वाचतात. त्या दिवशी हळूहळू वाचलं. एकदा वाचून परत पहिल्या पानावर गेले. मग एकदम मोठ्यानं, कारण ह्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणाले, ‘तिन्ही वेळा?’

मी मान हलवली.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, भांडणात मी हार जात नाही. हे उठले, आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘चालू कर.’

मी बाण दाबला नाही. रिझ्यूमचा सगळा हुकूम पहिल्या अक्षरापासून टाइप केला आणि एंटर दाबला. सुनेचे हात कळांवर गेले. आबांना हे म्हणाले, ‘आता सगळं पहिल्यापासून सांग.’ आबांनी सांगितलं. वेशीवरचं ते धोतर दुसऱ्यांदा आलं, आणि ह्या वेळी ते मी पडद्यावर वाचलं. सुनेच्या हातून एकही शब्द सुटला नाही. हेवा वाटला. तेव्हाही वाटला, खोटं कशाला बोलू!

आबा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना मला म्हणाले, ‘बाई, अक्षता द्यायला तू याया पायजे व्हतीस.’ मी म्हटलं, ‘हो आबा.’ त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांनी एका मिनिटात सोडून दिलं.

ह्यांचं तसं नाही. चार दिवस हे माझ्याशी बोलले ते फक्त जेवणाचं आणि औषधांचं. पाचव्या दिवशी मी चहा दिला, साखर बरोबर घातलेला. हे म्हणाले, ‘का केलंस?’ मी पॅडवर एक शब्द लिहिला, हेवा. ह्यांनी विचारलं, ‘आबाचा?’ मी लिहिलं, आबांचा, सुनेचा, पडद्याचा. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, ‘वेडी आहेस,’ आणि चहा प्यायले. रागानं नाही, पण प्रेमानंही नाही.

सुनेला मी आता ती छोटी रूपं सांगते आहे, रोज दहा-बारा. ती म्हणते कोणत्या कळा, मी काळ्या खिडकीत हुकूम देऊन शब्द कोशात घालते. काम चांगलं चाललंय. तिला माझी रूपं इतकी लवकर येतात की पुन्हा पोटात दुखतं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

चिठ्ठ्या अजून असतात. सून कामात असली, माहेरी गेली, की पडदा बंद आणि मी पॅड काढते. आता मी सगळं लिहिते. शेजारीण पाऊण तास बोलली तर पाऊण तास लिहिते, बोटं दुखेपर्यंत. चिठ्ठी पुढे केली की हे ती हातात घेतात, पण लगेच वाचत नाहीत. आधी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘पुरी आहे ना?’

प्रत्येक वेळी विचारतात. पडद्याला कधीच विचारत नाहीत.